मृतांची आठवण व जिवंतांचें ऋण

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला म्हणजे आमच्या खेड्यांतून घरोघरीं पितरांचीं पानें वाढलीं जातात. सकाळपासून चुलीवर खीर शिजते, वडे तळले जातात. दुपारीं घरधनी एक पान छपरावर ठेवितो आणि कावळ्याची वाट पाहत अंगणांत उभा राहतो. त्याच आळींत आमच्या एखाद्या ख्रिस्ती बंधूचें घर असतें. तेथें त्या दिवशीं नेहमींचीच भाजीभाकर असते. शेजारचीं मुलें विचारितात, "तुमच्या आज्याचं पान न्हाई का?" आणि आमचीं मुलें खालीं पाहतात. त्यांचें हें खालीं पाहणें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून सलत आहे. कारण जें उत्तर मुलांस येत नाहीं तें त्यांच्या आईबापांसही येत नाहीं.

गेल्या वर्षीं ह्याच पंधरवड्यांत आम्ही एका लहान मंडळीच्या भेटीस गेलों होतों. उपासना संपून सर्व लोक निघून गेल्यावर एक वृद्ध बंधु मागें राहिले. वय सत्तरीच्या पुढचें, हातांत काठी, डोक्याला पागोटें. त्यांनीं हळूच म्हटलें, "साहेब, येक इचारू का? रागावू नका. माझी आई परभूला न मानताच गेली. भावकी म्हनती, तू किरिस्ताव झालास आन् आईला इसरलास. म्या इसरलो न्हाई. पन आठवन कशी करायची, ह्ये आमाला कुनी शिकवलंच न्हाई."

आमच्या जिभेवर एक तयार उत्तर होतें. श्राद्ध व पिंडदान ह्यांस शास्त्रांत आधार नाहीं, हें आम्ही सेमिनरींत शिकलों आहों आणि तें खरेंही आहे. परंतु त्या बंधूंनीं, आपण काय करूं नये, असें विचारिलेंच नव्हतें. तें त्यांस ठाऊक होतें, आणि चाळीस वर्षें त्यांनीं तें पाळिलेंही होतें. आपण काय करावें, हा त्यांचा प्रश्न होता. त्या दिवशीं आम्ही त्यांच्याजवळ ओट्यावर बसलों व जें सुचलें तें बोललों. पुढें ह्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. तो विचार सर्व मंडळ्यांपुढें, विशेषेंकरून आमच्या उपदेशक बंधूंपुढें व बायबलबायांपुढें, ठेवावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. कावळ्याची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याची आमच्यापैकीं कित्येक जण थट्टा करितात. ही थट्टा बरी नव्हे. त्या मनुष्याच्या मनांत दोन गोष्टी एकत्र नांदत असतात. एक प्रेम व दुसरें भय. ज्या बापानें आपणांस खांद्यावर घेऊन जत्रा दाखविली त्याच्या पोटांत आज अन्न जावें, ही इच्छा प्रेमाची आहे, आणि प्रेम कोठेंही असो, तें देवापासूनच आलेलें असतें. परंतु बाप अतृप्त राहिला तर कोपेल, घरांत दुखणें येईल, म्हैस आटेल, सुनेची कूस उजवणार नाहीं, ही कल्पना भयाची आहे. ह्या भयापायीं गरीब मनुष्य कर्ज काढून जेवणावळी घालितो. आमच्या वाडवडिलांनीं शुभवर्तमान ऐकिलें तेव्हां त्यांची ह्या भयापासून सुटका झाली. मेलेला बाप आपला वैरी नाहीं, तो कोणाच्या अंगांत येत नाहीं, कोणाचें वाटोळें करीत नाहीं. जिवंत व मृत ह्या दोघांवरही प्रभु येशूचीच सत्ता आहे, हें त्यांस कळलें. ही सुटका लहान नव्हती.

पण सुपांत धान्य पाखडतांना हात चुकला तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात. आम्हीं भय टाकिलें तें योग्यच केलें. त्याबरोबर आठवणही टाकिली काय, हा खरा प्रश्न आहे.

शास्त्र उघडून पाहावें तर देवाचे लोक आपल्या मृतांस विसरलेले कोठेंही दिसत नाहींत. सारा मरण पावली तेव्हां अब्राहाम परदेशांत उपरा होता, त्याच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती. हित्ती लोक फुकट जागा देण्यास तयार असतां त्यानें तें न मानितां एफ्रोनाजवळून मकपेलाचें शेत व गुहा 400 शेकेल रुपें मोजून विकत घेतली. वचनदत्त देशांत त्याच्या मालकीची झालेली पहिली जमीन ती हीच, आपल्या बायकोच्या कबरेची. योसेफानें मरतांना आपल्या भावांकडून शपथ घेतली कीं, देव तुम्हांस येथून नेईल तेव्हां माझ्या अस्थि येथें ठेवूं नका. पुढें शेंकडों वर्षांनीं इस्राएल लोक रातोरात मिसर देशांतून निघाले. इतकी घाई होती कीं, न फुगलेली कणीक काथवटीसकट खांद्यावर टाकून ते चालूं लागले. अशा घाईंतही मोशे योसेफाच्या अस्थि घेण्यास विसरला नाहीं. आणि आमचा प्रभु लाजराच्या कबरेपाशीं रडला. घटकाभरानें आपण त्यास उठविणार, हें त्यास ठाऊक होतें. तरी तो रडला. म्हणून मृतासाठीं रडणें हा विश्वासाचा उणेपणा आहे असें जे समजतात, ते प्रभूपेक्षां अधिक विश्वासू होऊं पाहतात. प्रेषित पौलानें थेस्सलनीकाकरांस इतकेंच सांगितलें कीं, ज्यांस आशा नाहीं त्यांच्याप्रमाणें शोक करूं नका. शोकच करूं नका असें त्यानें सांगितलें नाहीं.

तथापि ह्या सर्वांनीं मृतांस अन्न दिलें नाहीं, मृतांपासून कांहीं मागितलें नाहीं, आणि मृतांच्या भयानें कांहीं केलें नाहीं. दावीद राजाचें मूल आजारी होतें तोंपर्यंत तो उपाशी जमिनीवर पडून राहिला. मूल गेल्याचें कळतांच तो उठला, त्यानें स्नान केलें, वस्त्रें बदललीं, परमेश्वराच्या घरांत जाऊन भजन केलें, आणि मग तो जेवला. चाकरांस हें विपरीत वाटलें. परंतु आपण मुलाकडे जाऊं, मूल आपल्याकडे परत येणार नाहीं, हें त्यानें ओळखिलें होतें. मेलेल्यासाठीं करावयाचें आतां त्याच्या हातीं राहिलें नव्हतें. जिवंतांसाठीं करावयाचें मात्र राहिलें होतें.

आतां त्या पहांटेकडे वळूं जिच्यावर आमचा सर्व विश्वास उभा आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशीं अगदीं पहांटेस कांहीं स्त्रिया सुगंधी द्रव्यें घेऊन कबरेकडे निघाल्या. त्या कोणत्या उद्देशानें निघाल्या होत्या? मृताची शेवटची सेवा करावी म्हणून. त्यांचें प्रेम खरें होतें, आणि त्यांनीं आणिलेलीं द्रव्यें त्यांच्या ऐपतीच्या मानानें थोडीं नव्हतीं. परंतु कबरेंत प्रभूचें शरीर नव्हतें. जो जिवंत आहे त्यास तुम्ही मेलेल्यांमध्यें कां शोधतां, असा त्यांस प्रश्न झाला. आणि मग त्यांस आज्ञा मिळाली, परत जा, शिष्यांस सांगा, तो तुमच्यापुढें गालीलांत जात आहे. गालील हें कांहीं पवित्र तीर्थ नव्हतें. तो त्यांचा आपला मुलूख होता. तेथेंच त्यांचीं घरें होतीं, नावा होत्या, जाळीं होतीं, शेजारीपाजारी होते. कबरेकडे गेलेलीं पावलें प्रभूनें गांवाकडे वळविलीं. मृताच्या सेवेसाठीं आणिलेलें प्रेम त्यानें नाकारिलें नाहीं. तें जिवंतांकडे लाविलें.

आमच्या मतें त्या वृद्ध बंधूच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. ख्रिस्ती मनुष्यानें मृताची आठवण जरूर करावी. मात्र जें प्रेम आतां मृतापर्यंत पोंचवितां येत नाहीं, तें ज्या जिवंत मनुष्यापर्यंत पोंचेल त्याच्याकडे घेऊन जावें. ह्यास आम्ही ख्रिस्ती आठवण म्हणतों.

कोणी म्हणेल, ही तर नुसती परोपकाराची शिकवण झाली. ह्यांत पुनरुत्थान कोठें आहे? पण नीट विचार करावा. प्रभु उठला नसता तर त्या स्त्रियांनीं काय केलें असतें? द्रव्यें लाविलीं असतीं, पुन्हां धोंड लोटली असती, घरीं जाऊन दार लावून बसल्या असत्या, आणि वर्षाचे वर्षाला तेथें येऊन रडल्या असत्या. मृत देवाच्या हातीं सुरक्षित आहेत अशी खात्री ज्यास नाहीं, त्यास त्यांची काळजी वाहत कबरेजवळच बसावें लागतें. ज्यास ती खात्री आहे, त्याचे हात मोकळे होतात. शिवाय बाप्तिस्म्यांत आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलों व त्याच्याबरोबर नव्या जीवनांत चालण्यास उठलों, अशी प्रेषिताची शिकवण आहे. म्हणजे नवें जीवन स्मशानाच्या पलीकडेच सुरू होतें असें नाहीं. तें आजच सुरू झालें आहे, आणि तें खरोखर सुरू झालें कीं नाहीं हें आमच्या शेजाऱ्यास दिसलें पाहिजे.

यापो गांवीं टबीथा नांवाची एक शिष्या होती, तिलाच दुर्कस म्हणत. ती मरण पावल्यावर पेत्र आला, तेव्हां माडीवर सर्व विधवा रडत उभ्या होत्या. दुर्कस त्यांच्यामध्यें असतांना तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें त्या त्यास दाखवीत होत्या. ह्याहून चांगलें स्मारक आम्हांस ठाऊक नाहीं. दगडावर कोरलेलें नांव पावसानें झिजतें. परंतु दुर्कसेचें नांव गरीब विधवांच्या अंगावर होतें.

आमच्या महाराष्ट्राच्या मंडळीपुढें ह्याचें एक मोठें उदाहरण आहे. पंडिता रमाबाई (1858–1922) ह्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. परंतु तीर्थयात्रा करीत व पुराण सांगत हें कुटुंब देशोदेशीं फिरत असतां त्यांच्याजवळचें सर्व कांहीं संपलें. 1874 च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत थोड्याच महिन्यांच्या अवधींत वडील, आई व थोरली बहीण हीं तिघेंही उपासमारीनें व आजारानें गेलीं. आईची तिरडी उचलण्यास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरे भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंस द्यावा लागला. उंची कमी पडल्यामुळें त्यांनीं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पुढें 1880 मध्यें भाऊ गेला, 1882 मध्यें पति बिपिनबिहारी मेधावी गेले, आणि तान्ही मनोरमा तेवढी राहिली. 1883 सालीं इंग्लंडांत रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला.

अशा स्त्रीनें आपल्या मृतांची आठवण कशी केली? 1896–97 सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. त्या वेळीं पुण्यास त्यांचें शारदासदन चाललेलें होतें, तेथील मुलींची काळजी होती, पैसा नव्हता. परंतु आपण स्वतः भोगलेल्या उपासमारीच्या दिवसांची आठवण त्यांस स्वस्थ बसूं देईना. त्या तिकडे गेल्या, आणि रस्त्यावर हाडांचे सांपळे होऊन पडलेल्या शेंकडों मुली व विधवा त्यांनीं गोळा करून आणिल्या. त्यांच्यासाठीं केडगांव येथें घर उभें राहिलें, तें 'मुक्ति'. 1900 सालच्या गुजराथच्या दुष्काळांतही त्यांनीं तेंच केलें. केडगांवचें तें काम आजही चालू आहे.

वाचकहो, ह्या गोष्टीचा अर्थ लक्षांत घ्या. 1874 सालीं जी आई उपाशी मेली तिच्या मुखांत 1897 सालीं घांस घालणें कोणाच्याही हातीं नव्हतें. पिंडानेंही तें होणार नव्हतें, आणि रडण्यानेंही नाहीं. परंतु जी भूक रमाबाईंनीं आपल्या आईच्या डोळ्यांत पाहिली होती, तीच भूक त्यांनीं परक्या मुलींच्या डोळ्यांत ओळखिली, आणि तेथें ताट वाढिलें. 1921 मध्यें एकुलती एक मनोरमाही गेली. तेव्हां रमाबाई थकल्या होत्या. तरी हातीं घेतलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर त्यांनीं सोडिलें नाहीं. एप्रिल 1922 मध्यें त्या स्वतः प्रभूकडे गेल्या, आणि 1924 मध्यें तें भाषांतर प्रसिद्ध झालें.

दुसरें उदाहरण अहमदनगरचें, ज्यास 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 सालीं वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. थोडेच अध्याय लिहून झाले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं शाळेचें तोंडही पाहिलें नव्हतें. त्या बाईंनीं साठांहून अधिक अध्याय रचून तें काव्य पुरें केलें. 1936 सालीं त्या गेल्या आणि 1938 सालीं ग्रंथ छापून निघाला. पतीच्या तसबिरीपुढें रोज फूल ठेवणें सोपें होतें. त्यांनीं पतीचें अपुरें काम उचललें.

आतां आम्हांस त्या प्रश्नाच्या सर्वांत कठीण भागाकडे आलें पाहिजे. त्या बंधूंची आई प्रभूस न मानितां गेली होती. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत असें एकही घर नसेल कीं ज्याच्या मागच्या पिढ्यांत अशीं माणसें नाहींत. त्यांचें काय झालें? ह्याविषयीं आम्हीं एकदां मोठी चूक केली आहे, ती येथें सांगतों. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडून आम्ही पहिल्या मंडळींत गेलों होतों. एका बहिणीचा बाप वारला. त्यानें बाप्तिस्मा घेतला नव्हता. ती रडत होती. आम्हीं तिला म्हटलें, "बाई, त्यांच्याविषयीं आतां बोलून काय उपयोग? स्वतःच्या मुलांकडे पाहा." आम्हांस वाटलें, आपण शास्त्राला धरून बोललों. ती बहीण त्यानंतर जवळजवळ वर्षभर उपासनेस आली नाहीं. तिला आमच्या शब्दांनीं दुसऱ्यांदा पोरकें केलें होतें.

पुढें आमच्या स्वतःच्या आजीची आठवण करितांना ही चूक आमच्या ध्यानांत आली. आजीनें बाप्तिस्मा घेतला नव्हता. परंतु रोज सकाळीं दळण्याच्या आधीं ती एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यांत टाकी, आणि दारीं कोणी उपाशी आला तर त्यांतून देई. स्वतःच्या घरांत कमी असलें तरी देई. आमच्या वडिलांनीं ख्रिस्ती झाल्यावर तीच मूठ मंडळीच्या दानासाठीं काढण्यास आरंभ केला. आम्ही आज ज्या मुठीविषयीं व्यासपीठावरून उपदेश करितों, ती मूठ आम्हांस सेमिनरीनें दिली नाहीं, बाप्तिस्मा न घेतलेल्या एका म्हातारीनें दिली. तिच्याविषयीं गप्प बसणें हा कृतघ्नपणा होईल.

आईबापांचा मान राखावा अशी जी देवाची आज्ञा आहे, तिच्यांत आईबाप विश्वासू असले तरच, अशी अट घातलेली नाहीं. रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतल्यावर चार वर्षांनीं, 1887 सालीं, हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर आपलें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि तें आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केलें. ती आई ख्रिस्ती नव्हती. आणि ज्यांनीं प्रभूचें नांव नीट ऐकिलेंच नाहीं त्यांच्या निवाड्याविषयीं म्हणाल, तर सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेंच करील, ह्या विश्वासानें अब्राहामानें सदोमासाठीं विनंती केली. आम्हीही तेथेंच थांबावें. जो निवाडा देवानें स्वतःच्या हातीं ठेविला आहे तो आम्ही उपदेशकांनीं मयताच्या ओट्यावर बसून सांगूं नये. नरकाचाही सांगूं नये, आणि केवळ समाधानासाठीं स्वर्गाचाही सांगूं नये. ज्यानें वधस्तंभावर आपल्या वैऱ्यांसाठीं प्रार्थना केली, त्याच्या हातांत तुझी आई आहे. तुझ्यापेक्षां तिच्यावर प्रेम करणारा तोच आहे, इतकें सांगावें. हें खरें आहे, आणि पुरेसें आहे.

आणखी एक ओझें असतें, तें बहुतेक लोक बोलून दाखवीत नाहींत. त्या वृद्ध बंधूंनीं तें शेवटीं दाखविलें. आम्हीं विचारिलें, "बाबा, आई कोणाजवळ होती?" ते बराच वेळ काठीनें माती उकरीत राहिले. मग कळलें तें असें. दोघां भावांत विहिरीच्या पाळीवरून तंटा झाला होता. आई धाकट्याकडे राहिली. शेवटचीं दोन वर्षें ती अंथरुणावर होती. ह्यांचें घर व तें घर ह्यांच्यामध्यें एकच भिंत. आईचें खोकणें भिंतीपलीकडून ऐकूं येई, पण हे गेले नाहींत. ती गेली तेव्हां स्मशानांत गेले. "तिची कबर बी न्हाई, साहेब," ते म्हणाले. "राख नदीत गेली. माफी मागायची तर कुठं जाऊन मागू?"

हें ऐकून आम्हांस कळलें कीं, शेजारीपाजारी छपरावर पानें ठेवितात त्या दिवसांत ह्या मनुष्याची झोंप कां उडते. जें ऋण मनुष्याच्या हयातींत फेडिलें नाहीं, तें तो गेल्यावर कोणत्याही विधीनें त्यास पोंचत नाहीं. आमच्या उपासनेनेंही नाहीं. हें कठोर आहे, आणि तरुणांनीं तें आजच ऐकावें. परंतु मार्ग अगदींच बंद झालेला नाहीं. जें पाप आईविरुद्ध घडलें तें देवाविरुद्धही घडलें, आणि देव जिवंत आहे. त्याच्यापाशीं तें कबूल करितां येतें, आणि ख्रिस्तासाठीं तो क्षमा करितो. मग राहिलेलें ऋण कोणास द्यावें? आम्हीं विचारिलें, "आईला शेवटचा घांस कोणी भरविला?" ते म्हणाले, "भावजयीनं." धाकटा भाऊही आतां वारला होता, ती विधवा बाई त्याच भिंतीपलीकडे राहत होती. आईचें सर्व मलमूत्र तिनें काढिलें होतें. इतक्या वर्षांत ह्यांनीं तिला एक शब्द चांगला बोललेला नव्हता, आणि विहिरीची पाळीही पुरती दिलेली नव्हती.

आम्हीं म्हटलें, "बाबा, तुमच्या आईची आठवण तेथें आहे. तेथें जा."

त्यांनीं एक शंका काढिली, ती योग्य होती. भावजय पान घालते. ह्या दिवसांत गेलें तर ती पितरांचेंच जेवण पुढें ठेवील. आम्हीं सांगितलें, पितरांस अर्पिलेलें खाऊन दुर्बळ बंधूस अडखळण करूं नका, आणि तें नाकारून तिचें मनही दुखवूं नका. हा पक्ष सरूं द्या. मग जा, रिकाम्या हातीं जाऊं नका, आणि विहिरीचें आधीं बोला.

ते गेले कीं नाहीं, हें आम्हांस बरेच दिवस कळलें नाहीं. रब्बीची ज्वारी हातभर उंच झाली असतां आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों. तेथील मास्तरांनीं सांगितलें कीं, भिंतीपलीकडच्या शेतास ह्या वर्षीं पुरतें पाणी मिळत आहे. म्हातारे पहिल्यांदा गेले तेव्हां भावजय कांहींच बोलली नाहीं. तिनें फक्त तांब्याभर पाणी आणून पुढें ठेविलें. दुसऱ्यांदा गेले तेव्हां ती रडली. अजून सर्व कांहीं सुरळीत झालें आहे असें नाहीं. पुतणे संशयानें पाहतात. परंतु ज्वारी भरली आहे.

आतां मंडळ्यांस कांहीं सूचना करून हा लेख संपवितों. कोणाच्या घरीं मृत्यु झाला असतां आपण पुरण्याच्या दिवशीं सगळे जमतों आणि तिसऱ्या दिवशीं कोणीच नसतें. शेजाऱ्यांच्या चालीरीतींत दहावा, तेरावा असतो. त्या दिवशीं निदान घर भरतें. आमच्या मंडळीनें विधी करूं नये, पण दहाव्या दिवशीं व महिन्यानें जाऊन बसावें. घरांत दाणे आहेत काय, मुलांची शाळा सुटली नाहीं ना, विधवेचा जमिनीवरील हक्क कोणी बुडवीत नाहीं ना, हें पाहावें. दगडी कबर बांधण्यासाठीं किंवा जेवणासाठीं कोणीही कर्ज काढूं नये. ज्या भयांतून देवानें आम्हांस सोडविलें तेंच नांव बदलून पुन्हां घरांत घेऊं नये. पुनरुत्थानदिनाच्या पहांटे ज्या मंडळ्या कबरस्थानांत उपासना करितात, त्यांनीं ज्या कबरींस कोणी वारस उरला नाहीं त्यांचें गवत आधीं काढावें. मुलांस आज्याआजींच्या गोष्टी सांगाव्या, ख्रिस्ती नसलेल्यांच्याही सांगाव्या. म्हणजे पुढल्या भाद्रपदांत कोणी विचारिलें तर तीं खालीं पाहणार नाहींत.

एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. 2020 व 2021 सालच्या करोनाच्या साथींत पुष्कळ माणसें गीताशिवाय, प्रार्थनेशिवाय, घरच्यांच्या हातची मूठमातीही न मिळतां पुरलीं वा जाळलीं गेलीं. आम्हीं स्वतः फाटकाबाहेर उभे राहून लांबूनच शास्त्र वाचिलें आहे. त्या घरांचा शोक अजून घशांत अडकलेला आहे. ज्या मंडळीनें त्यांच्यासाठीं अजून उपासना केली नसेल तिनें आतां करावी. उशीर झाला असें समजूं नये. त्यांचीं नांवें मोठ्यानें वाचावीं, आणि उपासना संपल्यावर त्यांच्या घरीं चालत जावें.

शेजारच्या मुलानें आमच्या मुलास पुन्हां विचारिलें, "तुमच्या आज्याचं पान न्हाई का?" तर आमच्या मुलास म्हणतां यावें, "आहे. माझ्या आज्याचं पान आम्ही त्या म्हातारीच्या घरी नेऊन देतो, तिला कोणी नाही." असें म्हणतां यावें म्हणून तें पान खरोखर नेलें पाहिजे. जो प्रभु मेलेल्यांतून उठून आमच्यापुढें आमच्याच गांवीं गेला आहे, तो आम्हांस तेथें भेटो. आणि ज्या प्रियजनांस आम्हीं त्याच्या हातीं सोंपविलें आहे त्यांच्यासह तो आम्हांस शेवटच्या दिवशीं उभें करो. आमेन.